शेवटचा भागाकार

"वाचू का?" नवऱ्यानं विचारलं. नाकातल्या नळीमुळे आवाज घोगरा येत होता.

"अहो, दहाला ऑपरेशन आहे. आज राहू द्या की."

"एकच तर उरलीय. लिही. एकतीस हजार तीनशे सत्त्याण्णव."

तिनं चष्मा चढवला आणि दवाखान्याच्या खाटेच्या कडेला वही टेकवली. सांगते कुणाला! नऊ वर्षं रोज सकाळी चहानंतर हाच उद्योग. ९८,८०,३२,१९३ ही मूळ संख्या आहे की नाही, हे त्याला शोधायचं होतं. तो यादीतली रोज एक लहान मूळ संख्या वाचणार, तिनं त्या संख्येनं भागून बघायचं. वर्गमुळापर्यंत एकीनंही भाग गेला नाही, की झाली सिद्ध. यादीची वही कायम त्याच्या उशाखाली. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

वजनकाट्यावरच्या कारकुनाला उतारवयात हे कसलं खूळ! तेव्हा लेक नुकतीच गेलेली. बायकोच्या घशाखाली घास उतरत नव्हता, दिवसदिवस खिडकीशी बसून असायची. आणि हा म्हणे, "माझ्या एकट्याच्यानं होत नाही गं. भागाकार तू कर." असला संताप आला होता तिला. पण दुःखानं याचं डोकं फिरलंय, आता हाही हातचा जाईल, या भीतीनं तिनं पेन्सिल उचलली. 

काल डॉक्टर म्हणाले होते, "बाई, त्यांची उमेद खचू देऊ नका. निम्मं काम तिचंच असतं."

तिनं शेवटचा अंक खाली उतरवला. २,८२,५७३. भाजकाला नऊनं गुणून पाहिलं. तंतोतंत तेच आलं. बाकी शून्य.

पुन्हा केलं. शून्यच. अगदी शेवटच्या पायरीवर भाग गेला मेला! नऊ वर्षं पाण्यात. हे ऐकून हा आत गेला, तर परत कशाला येईल?

"किती आली गं बाकी?"

"सतरा," ती म्हणाली. "मूळच आहे तुमची संख्या. जिंकलात."

तो तिच्या तोंडाकडे बघतच राहिला. मग खोकला येईपर्यंत हसला.

"आतल्या गाठीची आहेस हं."

"म्हणजे?"

"काही नाही. परत आलो की नवी घेऊ. याहून मोठी."

नर्स ट्रॉली घेऊन आली. जाताना त्यानं उशाखालची वही तिच्या हातात कोंबली. "धर. आता वाच तू."

दार मिटलं. डोळे पुसून तिनं पहिलं पान उघडलं. वर लेक गेल्याच्या पंधराव्या दिवसाची तारीख. खाली त्याच्या किरट्या अक्षरात एक गुणाकार: ३१,३९७ × ३१,४६९ = ९८,८०,३२,१९३. आणि त्याखाली एकच ओळ.

'रोज एक म्हटलं तर नऊ वर्षं पुरेल. तोवर सावरेल ती.'