चंद्रीच्या कुशीला

"ही बघा, गोचीड!" डॉक्टरांनी चिमटा सगुणाच्या डोळ्यांपुढे धरला. रक्त पिऊन ती तुरीच्या दाण्याएवढी फुगली होती. "म्हशीपाशी झोपता की काय?"

"झोपते कशाला? धार काढताना डोकं टेकते तिच्या कुशीला."

कानात खरखर सुरू झाली तेव्हा सासूनं लसणाचं तेल कोमट करून ओतलं होतं. खरखर तर थांबली नाहीच, उलट कळ पार मस्तकात गेली.

"आता डोकं लांब ठेवायचं," डॉक्टरांनी कानात कापूस घालून बजावलं.

सगुणा घरी आली, तर नवरा रिकामी चरवी घेऊन गोठ्याच्या दारात उभा. पायजमा शेणानं भरलेला.

"तुझी चंद्री मला हात लावू देईना. वर लाथ घातली."

रेडकू मेल्यापासून चंद्रीचं असंच होतं. सगुणाचं डोकं कुशीला लागल्याशिवाय तिला पान्हा फुटत नसे.

सगुणानं चंद्रीच्या अंगावरच्या गोचिड्या वेचल्या आणि हात धुऊन, डोकं लांब ठेवून ती धारेला बसली. चंद्रीनं मान वळवून पाहिलं आणि दूध चोरलं. तट्ट भरलेल्या कासेतून थेंब येईना.

"मर मेले!" म्हणत सगुणानं दुसऱ्या कानातही कापूस कोंबला, पदर डोक्याभोवती घट्ट गुंडाळला आणि डोकं टेकलं.

धारेचा आवाज काही ऐकू येत नव्हता. ती नुसतीच सड ओढत राहिली.

मग गुडघ्यांत धरलेली चरवी हळूहळू गरम लागायला लागली.