दोन वाजून एक मिनिट

"तोडा ते कुलूप!" प्लांट मॅनेजर ओरडला.

मोठ्या पॅनेलच्या खटक्याला लाल कुलूप लटकत होतं आणि त्याच्यापुढे सेफ्टी ऑफिसर बाई आडवी उभी होती. पशुखाद्याच्या त्या कारखान्यात येऊन तिला जेमतेम दोन महिने झाले होते. तेवढ्यात तिने सगळ्यांच्या शिव्या खाऊन घेतल्या होत्या. विजेच्या कामाला हात लावायचा तर आधी खटका पाडायचा, त्यावर स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवायची, असा नियम तिने आणला. तेव्हापासून तिला कुणी नावाने हाक मारत नव्हतं. कुलूपबाई म्हणत. तेही तोंडावर.

आजचं कुलूप पहिल्या पाळीच्या वायरमनचं होतं. धान्य वर चढवणाऱ्या एलिव्हेटरची मोटर सकाळपासून रुसली होती. ती मोटर टॉवरच्या टोकाला, नव्वद पायऱ्यांच्या लोखंडी शिडीवर. वायरमन साडेबाराला वर चढला. आता सव्वादोन झाले होते, पाळी बदलली होती आणि कुलूप होतं तिथेच होतं.

"विसरला असेल हो. किल्ली खिशात घालून गेला घरी," फिटर म्हणाला. हा दुसऱ्या पाळीचा, वायरमनचा सख्खा साडू. "आता हात धुऊन जेवायला बसला असेल."

"बाई, तुम्हीच जा आता किल्ली आणायला," मागून कुणीतरी बोललं. सगळे खो खो हसले.

बाईला हसू आलं नाही. ती चौथ्यांदा वायरमनला फोन लावत होती. नुसती रिंग जात होती. शेजारच्या ग्राइंडरच्या धडधडाटात वरपर्यंत हाक पोचणं तर शक्यच नव्हतं.

"आपण सप्लाय चालू केला आणि तो वरच असला तर? हात तारांमध्ये असतील त्याचे," ती म्हणाली. "एक माणूस वर पाठवा. पंधरा मिनिटांचा प्रश्न आहे."

"पंधरा मिनिटं! बाहेर सहा ट्रक खोळंबलेत, ड्रायव्हर माझ्या नावाने बोंबा मारतायत." मॅनेजरने हजेरीचा कागद तिच्या नाकापुढे नाचवला. वायरमनच्या नावासमोर छापलं होतं: बाहेर, दोन वाजून एक मिनिट. "वाचता येतं ना? माझ्या प्लांटमध्ये दोन म्हणजे दोन. कार्ड पाच मिनिटं उशिरा पंच झालं तरी हातात मेमो पडतो. इथे रेंगाळायची कुणाची टाप नाही. आणि हे कुणाचं अक्षर आहे?"

त्याने तिचीच नियमांची वही उघडून पानावर बोट आपटलं. माणूस गेटबाहेर गेल्याची मशीनवर नोंद असेल, तर सेफ्टी ऑफिसरच्या सहीने कुलूप तोडता येईल.

अक्षर तिचंच होतं. घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिने तो नियम लिहिला होता आणि वर स्वतःची पाठही थोपटून घेतली होती. माणसाच्या शब्दावर विसंबायला नको, मशीन खोटं बोलत नाही. आता तेच शहाणपण तिच्या अंगाशी आलं होतं.

"सही करा. नाहीतर उद्यापासून घरीच बसा."

तिने एकदा वर पाहिलं. टॉवरचं टोक पत्र्यांआड होतं. भोवतीचे पंचवीस-तीस चेहरे तिच्याकडे बघत होते आणि त्यात तिच्या बाजूचा एकही नव्हता. ती घाबरली. घाबरल्याचा तिला स्वतःचाच राग आला. पण कागद तिच्या विरुद्ध होता. तिने सही केली.

"चल, उरक," मॅनेजरने फिटरला कटर दिला.

फिटरने कटरचा जबडा कुलपाच्या कडीवर बसवला. त्याने दोन्ही दांड्या घट्ट धरल्या आणि तसाच उभा राहिला. कानशिलावरून घाम ओघळून कॉलरमध्ये उतरला.

"दाब की! का मुहूर्त काढून देऊ?"

फिटरने कटर जमिनीवर ठेवला. तो ना मॅनेजरकडे बघत होता, ना बाईकडे.

"त्याचं कार्ड मी पंच केलंय, साहेब. तो खाली उतरलेला मी बघितलेला नाही."