उसळलेला बॉल

मारेगावात मोटारपंप दुरुस्त करणाऱ्या अक्षयनं स्कूटरची दोन जुनी चाकं आणि एक मोटर जोडून बहिणीसाठी बॉल टाकणारी मशीन बनवली. रविवारी अपेक्षाची जिल्ह्याच्या क्रिकेट संघासाठी निवड चाचणी होती. अंगणात चुन्याची खूण करून त्यानं दुपारभर मशीन तपासली. प्रत्येक बॉल बरोबर खुणेवर पडत होता.

"बिनधास्त उभी राह्य," तो तिला म्हणाला. "ही मशीन चुकत नाही."

पहिलाच बॉल उसळला आणि तिच्या मनगटावर बसला. हाड मोडलं.

बाबा तिला दवाखान्यात घेऊन गेले. सोबत जायची अक्षयची हिंमत झाली नाही. आपल्यापायी पोरीचं वर्ष गेलं, या विचारानं त्याला घरात बसवेना. शेवटी त्यानं घण उचलला आणि मशीनचा पार चुराडा केला.

संध्याकाळी प्लास्टरचा हात सावरत अपेक्षा सरळ त्याच्यापाशी आली.

"दादा, रडून काहून राह्यला? गावातली पोरं मले पोरगी म्हणून हळूच बॉल टाकतात. असा बॉल मी आज पहिल्यांदा पाह्यला. हात बरा झाला की मले रोज असाच पाहिजे."

तिनं अंगणात नजर फिरवली.



"मशीन कुठं ठेवली?"