मांडवातली गादी

“मला बाहेर अंगणातल्या फांद्यांच्या मांडवात ने,” नेझ म्हणाला. झोनीने गोधडी नवऱ्याच्या हनुवटीपर्यंत ओढली. “बर्फ पडतोय, वेड्या.” “जन्मभर मला घराबाहेर काढायच्या धमक्या दिल्यास. आता खरंच काढ.” तिला हसू आलं नाही. “मी या घरात मेलो, तर रीतीप्रमाणे तुला ते कायमचं सोडावं लागेल. मग पुन्हा अर्ज करत बसशील?” अमेरिकेतल्या नवाहो आदिवासींच्या वस्तीत, रीतीप्रमाणे पूर्वेला दार असलेलं घर मिळावं म्हणून सरकारी कचेरीशी भांडण्यात दोघांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. तिने भाच्याला बोलावलं. दोघांनी नेझसकट गादी मांडवात ओढत नेली. झोनी त्याला बिलगून बसली. दुपारी तो गेला. चार दिवसांचं सुतक पाळून ती घरात परतली. कॉफी उकळली आणि सवयीने त्याला हाक मारायला तोंड उघडलं. गेलेल्याचं नाव घ्यायचं नसतं. तिने ओठ मिटले आणि एकटीपुरती कॉफी ओतली.