गंज उतरवताना

मिरजेचं घर विकलं तेव्हा जयंतरावांनी वडिलांची सुतारकामाची अवजारं तेवढी जयपूरला आणली. रंधा, पटाशी, पकड, सगळंच गंजून लाल झालेलं. पकड तर अशी जाम झाली होती की काही केल्या उघडेना. बँकेतून आले की ते बाल्कनीत बसायचे, अवजारं रॉकेलमध्ये भिजत घालायचे आणि पॉलिश पेपरने घासत राहायचे.

"हाताची सालं निघाली, आता पुरे," त्यांच्या पत्नी रमाताई म्हणायच्या.

"अगं, निनादला द्यायचीत. मी बँकेत चिकटलो, पण आजोबांचा हात नातवात उतरलाय."

त्यांचा मुलगा निनाद नुकताच शहराबाहेरच्या सीतापुरा औद्योगिक वसाहतीतल्या एका एक्सपोर्ट कारखान्यात लागला होता. तिथे लोखंडी हत्यारांचं फिनिशिंग त्याच्याकडे आहे, एवढंच घरी ठाऊक होतं.

रविवारी जयंतरावांनी लखलखणारी अवजारं त्याच्यासमोर मांडली. पकड आता नुसत्या बोटांनी उघडत-मिटत होती. निनाद बराच वेळ रंध्यावरून हात फिरवत राहिला.

"बाबा, गंजाचा कणसुद्धा ठेवला नाहीत तुम्ही!"

"मग? आता तू सांग, तुमच्याकडे फिनिशिंग कसं करतात?"

निनादने मान खाली घातली.



"मतलब... नवी कोरी हत्यारं आम्ही मिठाच्या पाण्यात घालून गंजवतो, बाबा. फॉरेनचे लोक भिंतीवर लावायला नेतात, स्वतःच्या आजोबांची म्हणून."