आईच्या पद्धतीचा पाक

"दादा, पाक शेवटी लावायचा असतो," फुंकर म्हणाला. "आधी हॅम भाजून घ्यायचं, मग पाक. नाहीतर साखर जळते."

"आमच्याकडे आधीच लावतात," केंद्रप्रमुख दादा म्हणाले. "आईची पद्धत आहे."

फुंकरने संत्र्याची साल किसली, रस गाळला, त्यात ब्राऊन शुगर, मध आणि चमचाभर मोहरीची पेस्ट घातली आणि मंद आचेवर ढवळत बसला. पाक दाट होऊन चमच्याला धरू लागला तसा अग्निशमन केंद्रात असा वास सुटला की बंबाखाली आडवी होऊन नटबोल्ट आवळणारी ड्रायव्हर ताई तशीच पाठीवर सरकत बाहेर आली.

वास सुटायलाच हवा होता. पाहणी अधिकारी जेवायला येणार होत्या आणि त्यांच्या एका सहीने केंद्र बंद होणार होतं. कारण साधं होतं. या भागात आगच लागत नव्हती. लोक भलतेच जपून वागत. फुंकरला फुंकर म्हणत तेही यामुळेच. नोकरीला लागल्यापासून त्याने विझवलेली एकमेव आग म्हणजे ताईच्या वाढदिवसाची मेणबत्ती. केंद्र बंद झालं की ताई स्कूलबसवर, फुंकर गोदामात आणि दादा घरी.

"पोटभर जेवलेला माणूस वाईट सही करत नाही," दादा म्हणाले आणि भिंत रंगवावी तसा त्यांनी हॅमला पाकाचा हात दिला. मग दुसरा हात दिला. मग खोल ट्रे बाजूला सारून हॅम नुसत्या जाळीवर ठेवलं.

"पाक खाली ठिबकेल, दादा."

"ठिबकू दे. आईची पद्धत आहे."

त्यांनी ओव्हनचं बटण पार शेवटापर्यंत फिरवलं.

"हीसुद्धा आईचीच पद्धत?"

"आईला उरक फार."

मग त्यांनी घरी फोन लावला. "हो गं, दोन हात दिले. ठेवलं आत. बरं." आणि ते हात धुवायला गेले.

अधिकारी मॅडम आल्या. त्यांनी बंबावरून बोट फिरवलं. धूळ नव्हती. याचंच त्यांना वाईट वाटलेलं दिसलं.

"वास छान आहे," त्या म्हणाल्या. "पण वासावर केंद्र चालत नाही. शेजारच्या केंद्राची गाडी इथे येऊ शकते."

"येते की," दादा म्हणाले. "मधे फक्त बाजार, शाळा आणि रेल्वेचं फाटक."

"फाटक उघडतं ना?"

"उघडतं तर. कधी ना कधी."

तेवढ्यात घंटा वाजली. कोणीच हललं नाही, कारण हा आवाज कोणी ओळखलाच नाही. ताईला वाटलं, ओव्हन वाजतोय. मग वायरलेस बोलला. झाडावर मांजर अडकलंय. पत्ता दादांच्या घराचा होता.

"आईच ती," दादा म्हणाले. "पण कॉल म्हणजे कॉल. चला!" जाता जाता त्यांनी स्वयंपाकघरातलं आग विझवायचं गॅसचं नळकांडं काखेत मारलं.

"मांजरासाठी?" फुंकरने विचारलं.

"मांजराचं काही सांगता येत नाही. मॅडम, तुम्ही बाहेरच्या खोलीत आरामात बसा. आणि काही झालं तरी ओव्हनचं दार उघडू नका. पाकाची चकाकी जाते."

दादांची आई, म्हणजे केंद्रातल्या सगळ्यांची आजी, घराच्या फाटकात हाताची घडी घालून उभी होती. चापूनचोपून वेणी, पायात चपला. "होतं इथे," ती म्हणाली. "आत्ताच उतरलं."

दादा तरीही मान वर करून झाडाची फांदी न् फांदी तपासत राहिले. फुंकरला त्यांचं कौतुक वाटलं. इतका कर्तव्याला वाहिलेला माणूस त्याने पाहिला नव्हता.

वायरलेस खरखरला. "आग! स्वयंपाकघरात. एक बाई एकट्याच आहेत, फार घाबरल्यात."

"पत्ता?" ताईने विचारलं.

पलीकडच्या माणसाने पत्ता पुन्हा एकदा वाचून पाहिला. "तुमचाच."

ताईने बंब असा पळवला की तो बंब आहे हे बंबालाही तेव्हाच कळलं. मॅडम बाहेरच्या खोलीत खुर्चीवर चढून, डोक्यावर पर्स धरून उभ्या होत्या. स्वयंपाकघरात धूर होता आणि ओव्हनच्या काचेमागे पिवळ्या ज्वाळा नाचत होत्या. दादांनी वीज तोडली. फुंकरने नळकांड्याची पिन उपटली, दार बोटभर उघडलं आणि आयुष्यातली पहिली खरी आग विझवली. मग तो जमिनीवर बसला आणि विनाकारण हसत सुटला.

शेजारच्या केंद्राची गाडी आली तेव्हा चौघं जेवायला बसले होते. वरचा कोळसा खरवडल्यावर हॅम आतून लोण्यासारखं निघालं होतं.

"फाटक बंद होतं," गाडीतला माणूस ओशाळून म्हणाला.

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं आणि आणखी वाढून घेतलं. "हे केंद्र बंद करा म्हणणाऱ्याला," त्या म्हणाल्या, "मी आधी त्या खुर्चीवर उभं करीन."

फुंकर ताटली झाकून आजीकडे धावतच गेला. कोणाला तरी सांगितल्याशिवाय त्याला राहवत नव्हतं.

"आजी, केंद्र वाचलं! हे तुम्हाला. आणि हा छोटा तुकडा मांजराला."

"कसलं मांजर?" आजी म्हणाली. "मांजराने मला शिंका येतात."

तिने झाकण काढलं, काळी कड नखाने खरवडून पाहिली आणि समाधानाने मान हलवली.

"पेटायला फार वेळ नाही ना लागला? मला मांजर आणखी झाडावर ठेवणं जमलं नसतं."