पत्र्यापलीकडे दर्या

राजोडीच्या किनाऱ्याची वाट बिल्डरने पत्रे लावून बंद केली. काम पायाशीच थांबलं, बिल्डर गायब झाला, पत्रे आणि साइटचा वॉचमन मात्र राहिले. तीन वर्षं नारळी पुनवेची मिरवणूक लांबून वळसा घालून गेली. यंदा कोळीवाड्यातले म्हातारे धर्माबाबा नारळ घेऊन थेट पत्र्यांपुढेच उभे ठाकले.

"दर्याचा नारळ आता आडवाटेनं नेनार नाय. लावा जोर!"

एकाच रेट्यात सगळे पत्रे आडवे! समोर दर्या. बेंजो दणाणला. बाबांनी मिशीला पीळ दिला आणि वॉचमनला रुबाबात विचारलं, "काय रे, अडवलं का नाय आमाला?"

वॉचमनच्या एका हातात पाना होता, दुसऱ्या हातात नारळ.

"नट सकाळीच ढिले करून ठेवलंय, बाबा. मी मालवणचो. माका पण नारळ सोडूचो आसा."